मंजुरीवाचून

ओलाव्हचा टोर्स्टाइन, टोर्स्टाइनचा आइनार आणि आइनारचा सिवेर्त, सारे उत्तरेकडच्या लोफोटेन बेटांच्या समुद्रावर जगलेले. आज सिवेर्त होडी घेऊन गेला होता, फोन उचलत नव्हता, आणि वादळाचा इशारा बंदर-कचेरीच्या संकेतस्थळावर, कुणी उघडून पाहील याची वाट बघत पडून होता.

“इशारा आपोआप होड्यांच्या पडद्यांवर धाडणारी ती वेबफीड तयार आहे ना?” सिवेर्तची आई रागन्हिल्डबाई कचेरीत येऊन गरजल्या.

“कधीचीच, काकू. पण साहेबांची मंजुरी नाही,” कारकून हॉल्वोर म्हणाला. “ते ईस्टरच्या सुट्टीला डोंगरातल्या खोपटात गेलेत. तिथं फोन लागत नाही.”

“साहेब बर्फावर घसरगुंड्या खेळणार आणि माझं पोर बुडणार?”

“मंजुरीवाचून सुरू केली तर माझी नोकरी जाईल हो!”

बाईंच्या ओठांवर एका जुन्या उपकाराची गोष्ट आली. ती त्यांनी स्वाभिमानापोटी गिळली आणि त्या खिडकीपाशी जाऊन समुद्राकडे बघत राहिल्या.

हॉल्वोरने फीड सुरू करायची कळ दाबली. थोड्या वेळाने पडद्यावरच्या नकाशावर सिवेर्तची होडी किनाऱ्याकडे वळताना दिसली. हॉल्वोरने आपल्याकडची कचेरीची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

“माझ्या बापाला आइनारकाकांनी याच पाण्यातून ओढून काढलं होतं. आज ते ऋण फिटलं, काकू.”