नव्या खुर्चीची लिंबू-मिरची

"समोर अडथळा आहे. कृपया मार्ग मोकळा करा," खुर्ची गोड आवाजात म्हणाली.

समोर काहीच नव्हते. शेजाऱ्यांनी मोटारसायकली हलवल्या होत्या, कुणीतरी बाज उचलली होती, बिरप्पाची शेळीसुद्धा ओढून नेली होती. सात रस्ता चौकाकडे जाणारी ही गल्ली लग्नाच्या वरातीलाही एवढी मोकळी झाली नव्हती. तरी खुर्ची जागची हलेना.

"महेश, ही पोरगी खोटं बोलती रं," खुर्चीत बसलेले ईरप्पा वैतागून म्हणाले.

पाय गेल्यापासून सहा वर्षं ईरप्पा रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहाला जात. साध्या चाकाच्या खुर्चीत ते आणि मागून ढकलायला बायको, दानम्मा. त्यांना मित्रांत सोडून दानम्मा समोरच्या सिद्धेश्वरीच्या पिको-फॉलच्या दुकानात जाऊन बसत. आपल्यावर नजर ठेवायला, असे ईरप्पांचे ठाम मत. साखरेचे दुखणे असल्याने त्यांच्या वाट्याला फिका चहा यायचा आणि भजी नुसती दुसऱ्याच्या बशीत बघायची.

आता पोराने पुण्याहून ही सेन्सरची खुर्ची आणली होती. बटण दाबले की चालते, आडवे काही आले की आपली आपण थांबते. ईरप्पांनी त्यातून एवढेच घेतले की आता एकट्याने जाता येईल. साखरेचा चहा, गरम भजी आणि बघायला कोणी नाही! त्यासाठी बिचारे दुपारीच दाढी करून बसले होते.

"आता आईला रोजचा हेलपाटा न्हाय," मुलगा महेश्वर सकाळीच म्हणाला होता. "आईनं घरात निवांत बसायचं." सुनेनेही मान डोलावली. दानम्मा उठल्या. त्यांनी हळदी-कुंकू आणले, नारळ फोडला आणि नव्या गाडीची करतात तशी खुर्चीची यथासांग पूजा केली.

शेवटी महेश्वरने कंपनीच्या माणसाला फोन लावला. गल्ली कान देऊन उभी होती.

"खुर्चीला पुढे एक आणि मागे एक सेन्सर आहे," तो माणूस म्हणाला. "पुढचा पाय ठेवायच्या पट्टीखाली आहे बघा. काळा, गोल. त्याच्यासमोर काही आहे का?"

महेश्वर वाकला. "न्हाय."

"नीट बघा."

"काय बी न्हाय ओ. लिंबू-मिरची हाय फक्त."

"मग तोच अडथळा. काढा ती," फोनवरचा माणूस म्हणाला.

लिंबू-मिरची सगळ्यांना दिसत होती. पण ती रिक्षाला असते, ट्रकला असते, नव्या सायकललाही असते. तिला अडथळा म्हणायचे कुणाच्या डोक्यात येणार? महेश्वरने हात घातला तशा दानम्मा कडाडल्या.

"काडायची न्हाय! अख्ख्या गल्लीची नजर हाय तिच्यावर!" मग त्यांनी क्षणभर विचार केला. "थांब. मागं बांदते."

त्यांनी तार घेतली आणि मागच्या काळ्या गोळ्यासमोर लिंबू-मिरची अशी आवळून बांधली, की दोरखंडाला लाज वाटावी. ईरप्पांनी बटण दाबले. खुर्ची निघाली. गल्लीने टाळ्या वाजवल्या.

हॉटेलात ईरप्पा थेट दोन बाकड्यांच्या मधे घुसले.

"एकटाच?" त्यांचा मित्र तिप्पण्णाने विचारले.

"एकटाच," ईरप्पा किल्ला जिंकल्यासारखे म्हणाले. "साखरेचा सांग. आन् भजी."

चहा त्यांनी बशीत ओतून, डोळे मिटून प्यायला. भज्यांचा चुरासुद्धा सोडला नाही. जायची वेळ झाली तेव्हा त्यांनी मागे जायचे बटण दाबले.

"मागे अडथळा आहे," खुर्ची म्हणाली.

बाकड्यांमधे वळायला जागा नव्हती. बाकडी जमिनीत पुरलेली. ईरप्पांचा हात मागे पोचत नव्हता. तिप्पण्णा तार सोडायला वाकला आणि चटका बसल्यासारखा मागे सरला.

"दुसऱ्याची लिंबू-मिरची मी न्हाय सोडणार बाबा. तुझ्यावरली नजर माझ्या मानगुटीवर बसंल."

शेजारी बसलेल्या धुळाप्पाने तर आपला चहाचा पेला उचलून पलीकडच्या बाकड्यावर नेला. ज्याने बांधली त्यानेच सोडायची, यावर सगळ्या हॉटेलचे एकमत झाले. ईरप्पांनी नाइलाजाने घरी फोन केला.

"दानम्माला दे जरा," ते सुनेला म्हणाले.

"आत्याबाई? त्या तुमच्या मागोमागच भायेर पडल्या की. म्हणल्या, ह्यास्नी मागं यायला जमायचं न्हाय, आणायला मला रोजच जावं लागंल."

ईरप्पांनी फोन ठेवला. तेवढ्यात रस्त्यापलीकडून हसण्याचा आवाज आला. सिद्धेश्वरीच्या दुकानात दानम्मा स्टुलावर पाय सोडून बसल्या होत्या आणि हसून हसून पदराने डोळे पुसत होत्या. त्यांची पाठ हॉटेलकडे होती. घरात त्यांना असे हसताना ईरप्पांनी कधी पाहिले नव्हते.

त्यांना एकदम गलबलून आले. इतकी वर्षं आपल्यावर कोणी नजर ठेवतच नव्हते. आणि रोज संध्याकाळी फिरायला कोण कुणाला आणत होते, हेही त्यांना आत्ता कळले.

"दानम्मा," त्यांनी रस्त्यापलीकडे हाक मारली. "ये की. मागं येता येईना."

दानम्मांनी मान वळवली. जागच्या मात्र हलल्या नाहीत.

"येते की. घाई काय हाय?" त्या म्हणाल्या. "आनखी एक चहा घ्या. साखरेचाच."