स्वभावाचा रकाना

कुत्रा उचलायला गेलो की आधी फॉर्म, मग साखळी, हा महापालिकेतल्या आमच्या खात्याचा नियम. म्हणून मी तक्रार आलेल्या घरी, स्वयंपाकघरात टेबलाशी बसून एकेक रकाना भरत होतो.

"जात?"

"पिटबुल टेरियर," बाई म्हणाल्या.

"किती वेळा चावला?"

"तीनदा. मलाच." दूध नासलं हे सांगावं, तशा आवाजात.

तक्रार त्यांच्या नवऱ्याची होती. शेजारी जिन्यात उभे राहून "ही जातच खुनशी" म्हणत होते. तो खुनशी माझ्या बुटावर हनुवटी टेकून पडला होता.

"हात बघू, ताई."

त्यांनी बाही वर केली. वीस वर्षं मी चावे बघतोय. ही जात एकदा धरलं की सोडत नाही, मांस फाटतं. इथे दाताची एक खूण नव्हती. नुसते लांबट, काळेनिळे वळ.

शेवटचा रकाना उरला होता. "स्वभाव?"

तेवढ्यात आतल्या खोलीतून नवरा ओरडला, "गेलं का ते जनावर?"

कुत्रा टेबलाखाली शिरला. बाई भिंतीला चिकटल्या.

तो रकाना कोराच ठेवून मी पेनाला टोपण लावलं आणि हळूच म्हणालो, "ताई, गाडीत पुढची सीट रिकामी आहे."

त्यांनी बाही खाली ओढली.

"गॅस बंद करून येते," त्या म्हणाल्या.