अंतिम फेरीची वरात

अंतिम फेरीत दोघेच उरले: प्रल्हादराव आणि त्यांची बायको वसुंधराबाई. मध्ये एक प्लास्टिकची खुर्ची.

पापडी गावच्या ज्येष्ठ नागरिक संघाची ही संगीत खुर्ची. पहिलं बक्षीस आरामखुर्ची. सागवानी, वेताची, पाय लांब करायला पुढे दोन फळ्या. स्टेजवर तिला हार घालून ठेवलं होतं, त्यामुळे ती नुकतीच वारल्यासारखी दिसत होती.

"वसू, तू कशाला उतरलीस यात?"

"ती घरात येऊ नये म्हणून." वसुंधराबाईंनी पदर खोचला. "सोफ्यावरून निदान जेवायला तरी उठता. हिच्यात बसलात की ताटही तिथंच मागाल."

"मी रोज सकाळी चालून येतो."

"आणि त्याचा शीण घालवायला रात्रीपर्यंत बसता. डॉक्टर काय म्हणाले? सकाळी चाललात म्हणून दिवसभर बसायची सूट मिळत नाही."

"डॉक्टर हे बसूनच सांगत होते."

सेक्रेटरी ऑगस्टीनने टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं आणि वीज गेली. कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. प्रेक्षक कार्यक्रमपत्रिकेने वारा घेऊ लागले. ऑगस्टीन मात्र धावत बाहेर गेला. शेजारच्या चर्चमध्ये लग्न होतं आणि नवरदेवाची वाट पाहत बँड रस्त्यावर उभा होता. तो अख्खा बँड त्याने हॉलमध्ये आणला.

"वाजवायचं आणि मध्येच थांबायचं. एवढंच."

बँडमास्तर आग्नेलला ते पटलं नाही. "आपल्याकडे नाचणाऱ्यांचे पाय थांबले की बाजा थांबतो. पाय चालू असताना थांबवला तर लग्नघरी आम्हाला कोण जेवायला पन विचारणार नाय."

त्याने क्लॅरिनेट तोंडाला लावलं आणि डोळे मिटले.

स्पर्धेचा नियम साधा होता. बाजा थांबायच्या आधी जो थांबेल किंवा बसेल तो बाद. आणि पाय थांबल्याशिवाय आग्नेल बाजा थांबवणार नव्हता. ही अडचण ऑगस्टीनच्या लक्षात आली तोवर दोघं खुर्चीभोवती बरेच फिरले होते. त्याने हात वर केला. आग्नेलचे डोळे मिटलेलेच.

प्रल्हादरावांना धाप लागली.

"दमलात तर बसा हो," वसुंधराबाई मागून म्हणाल्या. "खुर्ची रिकामीच आहे."

"बाद होईन."

"रोज चालता ना? मग आताच काय झालं?"

"रोज या वेळेला बसलेला असतो."

बँडने एक गाणं संपवून श्वासही न घेता दुसरं धरलं. प्रल्हादरावांचा गुडघा प्रत्येक पावलाला कुरकुरत होता. तिसऱ्या गाण्यात ढोल इतका जोरात होता की कुरकुर ऐकू येईना. चौथ्यात ढोल हळू झाला, तरी कुरकुर आली नाही. प्रल्हादरावांनी चमकून गुडघ्याकडे पाहिलं. मग ते जरा वेगात निघाले.

"अहो, मला ओलांडू नका!"

"मग पाय उचल."

तेवढ्यात बाहेर नवरदेवाच्या गाडीचा हॉर्न वाजला. आग्नेल डोळे उघडून वाजवत वाजवतच बाहेर पडला आणि बँड त्याच्यामागे गेला. बाजा चालू होता, म्हणजे स्पर्धाही चालू होती. ऑगस्टीनने एकदा दोघांकडे पाहिलं, खुर्ची डोक्यावर घेतली आणि बँडमागे धावला. प्रल्हादराव आणि वसुंधराबाई त्याच्याभोवती फिरत निघाले.

अशी ती वरात चर्चकडे गेली. पुढे बँड, मग नवरदेव, मग खुर्ची. मुलाकडच्यांना वाटलं, ही मुलीकडची प्रथा असेल. मुलीकडच्यांना वाटलं, मुलाकडची. दोन्हीकडच्यांनी अदबीने वाट दिली. एका म्हातारीने खुर्चीवर फुलं टाकली.

चर्चच्या दारात नवरदेव थांबला. वऱ्हाड थांबलं. आग्नेलने मागे वळून पाहिलं. इतके पाय थांबलेले पाहून त्याने क्लॅरिनेट खाली घेतलं.

बाजा थांबला.

ऑगस्टीनने खुर्ची जमिनीवर टेकवली. दोघंही तिच्यापासून हातभरच अंतरावर होते. पण ऑगस्टीनच्या पायांत त्राण उरलं नव्हतं. तो खुर्चीत बसला.

बाजा थांबल्यावर खुर्चीत जो आधी बसेल तो जिंकला. नियम ऑगस्टीननेच लिहिले होते.

"म्हणजे ती आरामखुर्ची..." वसुंधराबाईंनी विचारलं.

"माझी," ऑगस्टीन कसाबसा म्हणाला. "मला आता उठवू नका."

वसुंधराबाईंनी सुटकेचा श्वास सोडला आणि त्या नवऱ्याच्या समजुतीसाठी चार शब्द जुळवत वळल्या. प्रल्हादराव तिथे नव्हते. ते चर्चच्या पायऱ्या चढून आग्नेलजवळ पोचले होते.

"मास्तर," ते विचारत होते, "लग्न लागल्यावर बँड परत कुठल्या रस्त्याने जाणार? लांबचा रस्ता घ्या."