पोवळ्यांना कोणता लाइट?

आमच्या खारघरच्या हॉलमध्ये, माशांच्या काचेच्या टाकीत, पोवळी मरायला टेकली होती. रुतिका, माझी बायको, त्यांच्यासाठी रडकुंडीला आलेली. दुकानदार म्हणाला, पांढरा लाइट काढा, निळा एलईडी लावा. लावला. पोवळी तासाभरात फुलली आणि सोफा वीतभर टाकीकडे सरकला.

मी खेकसलो, "सोफा कशाला हलवलास?"

"मी? तो वर चढवायला चार हमाल लागले होते. डोकं ठिकाणावर आहे का?"

लाइट बंद केला की सोफा गप्प, पण पोवळीही मिटायची. लावला की पोवळी खूश आणि सोफा पुन्हा पुढे.

आई कोळीण. ती किचनच्या दारातूनच ओरडली, "तुजा बापूस एलईडीवाल्या बोटींना शिव्या घालीत मेला. बत्ती लावली का मासली आपल्या पायानं येते, म्हनायचा."

"मासलीला पाय असतात का, आये?"

"तुला हायेत ना!"

माझं डोकंच फिरलं. बघतो कसा सरकतो, म्हणत मी सोफ्यावर फतकल मारली. लाइट फारच सुंदर दिसत होता. रुतिका शेजारी येऊन बसली. शिव्या देत देत आईसुद्धा येऊन बसली.

थोड्या वेळाने आई हळूच म्हणाली, "मितेश, बत्ती बंद कर."

स्विच मागच्या भिंतीवर होता. मी न वळता हात मागे नेला. बोटांना गार काच लागली. वळून बघितलं, तर स्विच काचेच्या पलीकडे दिसत होता.