लाल टोपीवाली

"हलू नकोस," फोटोवाला म्हणाला आणि त्याने लांब भिंगाचा कॅमेरा बायकोच्या खांद्यावर टेकवला.

समोरच्या कड्यावरून बचाव पथकाची माणसं दोर सोडत होती. खाली घळीत कुणीतरी पडलं होतं. सुट्टीवर डोंगर चढायला आलेल्या माणसाने अशा वेळी फार तर 'अरेरे' म्हणावं आणि पुढे चालू लागावं. पण हा पोलिसांसाठी अपघाताच्या जागांचे फोटो काढणारा. रजा त्याने घेतली होती, त्याच्या नजरेने घेतली नव्हती.

"ती बघ, लाल टोपीवाली," तो पुटपुटला. "तिचाच नवरा पडलाय. आणि ती बघ कशी झाडाला धरून उभी आहे."

"घाबरली असेल हो."

"घाबरलेली बायको टोकाशी धावते."

कॅमेरा गळ्यात अडकवून तो वर चढला. पथकवाल्यांनी हटकलं तेव्हा खिशातलं पोलीस खात्याचं ओळखपत्र दाखवून मोकळा झाला. बायको मागून आली. पथकाचा प्रमुख तेव्हा लाल टोपीवालीला विचारत होता, "इतक्या टोकाला कशाला गेले ते?"

"त्यांना डोंगर फार आवडायचे हो," ती म्हणाली आणि रडू लागली.

फोटोवाल्याचे कान टवकारले. बायकोने ते पाहिलं. तिला ते चांगलं ओळखता येत असे. ओट्यावर दोन कप धुतलेले दिसले तरी त्याचे कान असेच टवकारत. दुसरा कप कुणाचा? दुसराही तिचाच असे, तिने चहा दोनदा घेतलेला असे. पण हे त्याला पटेपर्यंत संध्याकाळ निघून जाई. पूर्वी तिला याचं रडू यायचं, मग राग यायचा. आताशा काहीच येत नव्हतं.

जखमी माणसाला स्ट्रेचरवर वर काढलं, तो बेशुद्ध होता. पथकाने त्याला गावात इस्पितळात नेलं. हे दोघे मुक्कामाच्या जागी परतले. जेवणघरात कोपऱ्यातलं टेबल धरून फोटोवाल्याने कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकेक फोटो मोठा करून दाखवायला सुरुवात केली. त्याच्या अंगात नुसता उत्साह संचारला होता.

"ढकललंय तिने. हे बघ, दोघांच्याही पाठपिशव्या तिच्याकडे. पडणाऱ्या माणसाची पिशवी बायकोकडे कशी राहते? आधीच काढून घेतली."

"खरंच की," बायको म्हणाली.

"आणि हे तळहात बघ. स्वच्छ! नवरा घसरला तर बाई पालथी पडून हात घालेल, सोलवटून घेईल. हिच्या हाताला धूळसुद्धा नाही. पण सगळ्यात मोठी चूक वेगळीच. काय म्हणाली ती? 'आवडायचे.' वर काढायच्या आधी! तो जिवंत आहे की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि बाईसाहेबांनी त्याला भूतकाळात पोचवला."

"मग काय म्हणायला हवं होतं?"

"आवडतात! जिला काहीच ठाऊक नाही ती 'आवडतात'च म्हणणार."

बायकोने मान डोलावली. इतक्या वर्षांत त्याच्या कामाचं तिने पहिल्यांदाच एवढं लक्ष देऊन ऐकलं होतं. तो सुखावला. सुखावला तरी स्वभाव जातो कुठे. "बरं, सकाळी त्या वाटाड्याशी एवढं काय बोलत होतीस?"

"खिंडीची वाट कुठे निसरडी आहे ते विचारत होते."

"त्याला एवढा वेळ लागतो?"

तिने त्याच्या पुढ्यातला गार झालेला चहा बदलून आणला.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला मालकीणबाई बातमी घेऊनच आल्या. तो गृहस्थ शुद्धीवर आला होता. पक्ष्याचं घरटं बघायला, बायको नको नको म्हणत असताना, पिशवी तिच्याकडे टाकून स्वतःच टोकाला गेला होता. तिला उंचीची भोवळ येते. आणि डोंगराचं म्हणाल तर, गुडघे धरल्यापासून त्याला डोंगर मुळीच आवडत नाहीत. पूर्वी आवडायचे. वाढदिवस म्हणून तिनेच बळेबळे आणलं होतं.

फोटोवाल्याचं तोंड एवढंसं झालं.

"तुम्ही ना," बायको हसून म्हणाली. मालकीणबाईंसमोर तिने त्याच्या कॉलरला लागलेला कण झटकला, त्याची पाण्याची बाटली भरून पिशवीत ठेवली. "चला, खिंडीत जाऊन येऊ. मन रमेल तुमचं."

मालकीणबाई कौतुकाने बघत राहिल्या. असा जोडा विरळाच, असं त्या नंतर सगळ्यांना सांगणार होत्या.

खिंडीत वारा होता आणि चिटपाखरू नव्हतं. ती म्हणाली, "इतक्या सहली झाल्या, तुमचा एक फोटो नाही. द्या इकडे."

हे खरंच होतं. त्याने कॅमेरा तिच्या हातात दिला आणि पिशवी उतरवू लागला.

"असू दे पाठीवर. डोंगर चढून आल्यासारखं दिसायला नको?"

त्याने पोट आत घेतलं.

"अहो, जरा मागे सरका. शिखर येत नाहीये."

अपघाताच्या जागी जमलेल्या गर्दीला तो रोज हेच ओरडून सांगायचा. तो सरकला.

दुपारी तेच पथक तेच दोर घेऊन खिंडीत आलं. ती टोकाशी पालथी पडून खाली हाका मारत होती. तळहात सोलवटून रक्ताळले होते. प्रमुखाने तिला धरून मागे घेतलं, पाणी दिलं आणि विचारलं, "इतक्या टोकाला कशाला गेले ते?"

"ह्यांना ना," ती हुंदके देत म्हणाली, "डोंगर फार आवडतात."