उताराची गाडी

नवी विजेची गाडी घ्यायची म्हणून महिनाभर मी अम्मानमधल्या भेटेल त्या टॅक्सीवाल्याचं मत घेत होतो. शेवटी शुक्रवारी एक गाडी दिवसभर चालवून बघायला मिळाली. आम्ही डोंगर उतरून शूनाला, माझ्या सासुरवाडीला निघालो. गाडी माझी बायको रुदैना चालवत होती. मी आणि टॅक्सी चालवणारा माझा भाऊ झियाद बॅटरीच्या आकड्याला डोळे लावून बसलो होतो. घाटाच्या माथ्यावर बासष्ट टक्के होती, सासऱ्यांच्या अंगणात शिरलो तेव्हा सहासष्ट.

"उतारावर आपोआप भरते रे ही," झियाद हरखून म्हणाला. "डोळे झाकून घे."

संध्याकाळी संत्र्यांच्या पेट्या लादून घाट चढलो. घरी आलो तर त्रेचाळीस.

"नको ही," झियादनं तोंड वाकडं केलं. "चढाला नुसती पिते." मीही मान डोलावली.

"चालवली मी, आणि मतं तुमची?" रुदैनानं किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली. "हीच घ्यायची. माहेरी जाताना भरते, सासरी येताना रिकामी होते. या घरात माझ्यासारखं पहिल्यांदाच कुणीतरी येतंय."