अर्दो मावशीचं दूध

दुधाला धुराचा वास होता. उबाहने भांडं ओठांपर्यंत नेलं आणि पुन्हा गुडघ्यावर टेकवलं.

"पी गं," अर्दो मावशी म्हणाली. "सकाळीच काढलंय. उंटिणीचं आहे, तुमच्या तिकडचं पुड्यातलं पाणी नव्हे."

मावशीची नजर मात्र दुधावर नव्हती. ती उबाहच्या काळ्या बॅगेवर होती. उबाह शेफिल्डहून मावशीच्या गावी, बुरओला उतरली तेव्हापासून ती तिथेच होती. निघण्याआधी फोनवरही मावशी शेवटी एवढंच बोलली होती, "रिकाम्या हातानं येऊ नकोस हं." सख्खी बहीण, उबाहची आई, शेफिल्डच्या मातीत जाऊन दोन महिने झाले नव्हते, आणि हिला भेटवस्तू हव्या होत्या.

खोलीत आणखी बायका येऊन बसत होत्या. चपला दारात, पाय चटईवर, डोळे बॅगेवर. एकीने उबाहच्या पॅन्टचं कापड चिमटीत धरून पाहिलं. खदरा नावाच्या म्हातारीने तिला पूर्वजांची नावं म्हणायला लावली. उबाह वडील, आजोबा, पणजोबा एवढ्यावर अडली.

"संपले?" खदरा म्हणाली. "आमची पाच वर्षांची पोरं वीस नावं म्हणतात. लंडनच्या पावसात बाकीचे विरघळले वाटतं."

बायका खिदळल्या. उबाहने भांड्यात पाहिलं. दुधावर, भांडं धुरावताना पडलेले कोळशाचे काळे कण तरंगत होते. एक माशी काठावर बसली, उठली, पुन्हा बसली. या घरात पाहुण्याचं भांडं रिकामं होईपर्यंत कामाचं बोलायचं नाही, अशी रीत होती. आई हे शेफिल्डमध्येही पाळायची. गॅसवाला आला तरी आधी त्याला चहा प्यावा लागे.

उबाहचं काम एकच होतं. तिला आईचा आवाज हवा होता.

तिच्याजवळ त्याचा एक तुकडाही नव्हता. आई इस्पितळात फरशा पुसायची, घरी येऊन गप्प बसायची. फोनवर कधी निरोप ठेवला नाही. पण उबाहला लहानपणचं एक आठवत होतं. महिन्यातून एकदा आई स्वयंपाकघराचं दार आतून लावून टेपरेकॉर्डरशी बोलायची, आणि ती टेप बुरओला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती मावशीला पाठवायची. पुढे मोबाइल आले आणि ते थांबलं. त्या टेपा मावशीकडे असणार. समोरच्या फळीवर जुना टेपरेकॉर्डर होता. त्याच्यावरची धूळ पुसलेली होती, शेजारी नव्या बॅटऱ्या ठेवल्या होत्या. म्हणजे मावशी त्या ऐकत असणार. आणि बॅगेतून काही निघाल्याशिवाय देणार नसणार.

मावशीच्या टेपा मात्र उबाहने ऐकल्या होत्या. आईचं घर आवरताना बुटांच्या खोक्यात अडतीस सापडल्या, प्रत्येकीवर एका बाजूला आईच्या अक्षरात लिहिलेलं: अर्दो. तिने शेजाऱ्याचं यंत्र आणून तीन लावल्या. तिन्हींत हाच आवाज. माझे गुडघे गेले, मलम पाठव. डोळ्याला दिसत नाही, चष्मा पाठव. तू तिकडे मजेत, आम्ही इथे धूळ खातो. आयुष्यभर आईने हे ऐकलं होतं. उबाहला शिसारी आली. चौथी तिने लावली नाही. खोकं कचऱ्याच्या काळ्या पिशवीत घातलं, पिशवीला गाठ मारली आणि साबणाने हात धुतले. पिशवी दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीतून गेली.

तिने श्वास रोखला आणि दूध घटाघट प्यायली.  भांडं रिकामं झालं.

बायका सावरून बसल्या. मावशीने पदर ठीक केला आणि टेपरेकॉर्डर खाली घेतला. मेंदीच्या बोटांनी तिने त्यात बॅटऱ्या घातल्या.

"हं," ती म्हणाली. "आता काढ."

"आधी तू काढ, मावशी," उबाह म्हणाली. "आईच्या टेपा. मला दुसरं काही नको."

मावशीने तिच्याकडे पाहिलं. मग हसली.

"माझ्याकडे कुठल्या, वेडे? इथे कोरी टेप मिळायची कुठे तेव्हा? ती एका बाजूला बोलायची, मी ऐकायची आणि उलटी करून मागच्या बाजूला बोलायची. आलेल्या माणसाबरोबरच परत. तुझी आई ती पुन्हा पुसू द्यायची नाही. म्हणायची, अर्दो, दोघी एकाच जागी राहू दे. सगळ्या तिच्याकडेच आहेत. तुझ्याकडे."

उबाहला गाठ मारलेली काळी पिशवी आठवली.

"अगं, कवनं रचायची ती," मावशी म्हणाली. "तिथल्या बर्फावर, पुसलेल्या फरशांवर, तुझ्या पहिल्या दातावर. अख्खी गल्ली इथे बसून ऐकायची. मी वाटच बघत होते, की दूध कधी संपतंय."

खदरा गुडघ्यांवर रांगत पुढे आली आणि टेपरेकॉर्डरला कान लावून बसली.

"पण पोरी, अर्दोची बाजू लावू नकोस हं," ती म्हणाली. "हिचे गुडघे अन् हिचा चष्मा आम्ही रोजच ऐकतो. तुझ्या आईची, दहबोची लाव."

सगळ्या हसल्या. मावशी सगळ्यांत जास्त. मग हसू ओसरलं. अकरा बायका बॅगेकडे बघत होत्या.

उबाहने रिकामं भांडं दोन्ही हातांनी पुढे केलं.

"मावशी," ती म्हणाली, "अजून थोडं दूध दे."